मुलाचा हक्क, बापाचे देणे आणि धर्मपित्याची जागा



ज्या वकीलबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर तालुका कोर्टात पोटगीची कामे चालवली. वकिलाला नाव मिळवून देणारी ही कामे नव्हेत. फी मिळेलच असे नसते, वर्तमानपत्रात बातमी येत नाही आणि निकाल लागला तरी काम संपत नाही. खरे काम निकालानंतरच सुरू होते. आज मी त्याच भागाविषयी बोलणार आहे. न्यायालयाने मुलाला पोटगी मंजूर केली आणि बापाने ती भरलीच नाही, तर पुढे काय? याला लागूनच आणखी एक प्रश्न आहे आणि वसई परिसरातल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून तो मला वारंवार विचारला जातो. बाप हात वर करून मोकळा झाला, तर बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातात घेऊन उभे राहिलेल्या धर्मपित्यावर किंवा धर्ममातेवर त्याचा खर्च येतो का?

हा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण त्याचे उत्तर स्पष्ट आहे. नाही, येत नाही. भारतातला कोणताही कायदा धर्मपित्याला मुलाच्या पालनपोषणासाठी बांधत नाही. तो स्वखुशीने शाळेची फी भरत असेल आणि उद्या त्याने ती बंद केली, तर त्याच्यावर दावा होत नाही. आईवडील वारले तर मूल आपोआप त्याच्याकडे जात नाही, आणि तो वारला तर मुलाला केवळ त्या नात्याने वारसाही मिळत नाही.

पण हे नाते कायद्याच्या दृष्टीने कायमच पोकळ होते असे कोणी समजू नये. रोमन सम्राट जस्टिनियन याने 530 साली धर्मपित्याला आपल्या धर्मकन्येशी लग्न करण्याची मनाई केली. आध्यात्मिक नाते रक्ताच्या नात्याइतकेच खरे, ही त्यामागची धारणा होती. पुढे चर्चने ही बंदी इतकी पसरवली की गावात लग्न जुळवणे अवघड होऊ लागले, आणि सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेला ती आवरती घ्यावी लागली. 1917 च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेत ती लहान रूपात शिल्लक होती. लॅटिन चर्चच्या 1983 च्या संहितेत ती उरली नाही. पौर्वात्य चर्चेसच्या 1990 च्या संहितेत मात्र ती आजही आहे, आणि आपल्याकडचे सिरो-मलबार व सिरो-मलंकर कॅथलिक तीच संहिता पाळतात. म्हणजे या नात्याने शतकानुशतके लग्ने अडवली. त्याने मुलाची फी भरायला मात्र कोणत्याही न्यायालयात कोणाला भाग पाडले नाही.

1983 ची संहिता धर्मपित्याकडून काय मागते? तो साधारण सोळा वर्षे पूर्ण झालेला, दृढीकरण संस्कार घेतलेला, श्रद्धेला साजेसे जगणारा कॅथलिक असावा आणि मुलाचा जन्मदाता बाप किंवा आई नसावा. ही शेवटची अट मला महत्त्वाची वाटते. आईबापांखेरीज आणखी एक मोठे माणूस या मुलाच्या बाजूने उभे असावे, हा तिचा हेतू आहे. संहितेने त्याच्यावर सोपवलेले काम श्रद्धेतल्या वाढीचे आहे, रोजच्या जेवणाखाण्याचे नाही.

हिंदू घरांत धर्मपिता नसतो, पण मामा असतो. बाळाचे उष्टावण मामाच्या मांडीवर होते आणि लग्नात नवरीच्या मागे मामाच उभा राहतो. त्या मामावरही भाच्याच्या पोटगीचे कायदेशीर बंधन नाही. नवऱ्याने टाकलेली मुलगी लेकराला घेऊन माहेरी येते, भाऊ दोन-चार वर्षे निभावतो, मग त्याची स्वतःची मुले मोठी होतात आणि घरात धुसफूस सुरू होते. त्या भावाला दोष देण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे की ज्याचे देणे आहे तो मोकळा फिरतो आहे, आणि ज्याचे नाही तो थकून गेला आहे.

समारंभाने देणे लागू होत नाही, पण न्यायालयाच्या नेमणुकीने होते. 1890 च्या पालक आणि पाल्य अधिनियमाच्या कलम 8 खाली मुलाचा कोणीही नातेवाईक किंवा मित्र पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतो. ‘मित्र’ या शब्दात धर्मपिता सहज बसतो. न्यायालयाने त्याला मुलाच्या देहाचा पालक नेमले, की कलम 24 प्रमाणे मुलाचा निर्वाह, आरोग्य आणि शिक्षण यांकडे पाहणे त्याला बंधनकारक होते. मात्र बाप हयात आहे आणि न्यायालयाच्या मते अपात्र नाही, अशा वेळी कलम 19 आडवे येते. मृत्युपत्राने पालक नेमण्याची वाटही आहे. परंतु ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम 60 मध्ये हा अधिकार फक्त बापाला दिला आहे. एकटीने मूल वाढवणाऱ्या आईचा तिथे उल्लेखच नाही. शंभर वर्षे हे कलम असेच उभे आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. धर्मपित्याला मूल खरोखर आपले करायचे असेल, तर बाल न्याय अधिनियमाखाली दत्तक घेण्याचा मार्ग आता सर्व धर्मीयांना खुला आहे. 2014 मध्ये शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे सांगितले.

आता बापाच्या देण्याकडे येते.

आपल्याकडे मुलाच्या पोटगीची तरतूद फौजदारी संहितेत आहे, कारण टाकलेल्या बायकामुलांवर भीक मागायची पाळी येऊ नये हा तिचा मूळ उद्देश. 1898 च्या संहितेत ते कलम 488 होते, 1973 च्या संहितेत 125 झाले आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 आहे. धर्म कोणताही असो, आईबापांचे लग्न झालेले असो वा नसो, अज्ञान मुलाला या कलमाखाली दाद मागता येते. 1986 च्या मुस्लिम महिला कायद्याने मुलांचा हा हक्क कमी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये नूर सबा खातून प्रकरणात ठरवले. हिंदूंसाठी 1956 च्या दत्तक व निर्वाह अधिनियमाचे कलम 20 आहे, ख्रिस्ती दांपत्यांसाठी 1869 च्या घटस्फोट अधिनियमातली कलमे आहेत, आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सर्वांसाठी आहे.

या कलमाचा इतिहास रकमेच्या बाबतीत मात्र लाजिरवाणा आहे. 1955 मध्ये पोटगीची कमाल मर्यादा महिना 500 रुपये झाली. 1973 ची नवी संहिता आली तेव्हाही ती तशीच ठेवली गेली. काही राज्यांनी ती आपापल्या हद्दीत वाढवली, पण केंद्राच्या कायद्यातून ती उठायला 2001 साल उजाडले. शिवाय कलमात ‘एकूण’ असा शब्द होता, आणि त्याच्या आधारे आई आणि मुले मिळून 500, असे सांगितले जाई. 1978 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी रमेशचंद्र कौशल प्रकरणात हा अर्थ नाकारला आणि प्रत्येक दावेदाराचा हिशेब वेगळा, असे सांगितले. त्या निकालाने नात्यागोत्याच्या गर्दीतून मुलाला बाहेर काढून स्वतंत्र हक्कदार म्हणून उभे केले.

हाच माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. पोटगी मुलाची असते. ती आईच्या हातात दिली जाते, पण आईची नसते. आपल्या समाजाने आणि पुष्कळदा आपल्या न्यायालयांनीही हे मनावर घेतलेले नाही. म्हणूनच बाप म्हणतो, ‘ती मला मुलाला भेटू देत नाही, मग मी पैसे का देऊ?’ मुलाची भेट हा वेगळा हक्क आहे. त्यासाठी वेगळा अर्ज करायचा असतो आणि न्यायालय तो ऐकते. भेट अडली म्हणून मुलाची भूक थांबत नाही. संमतीच्या घटस्फोटात आई कंटाळून लिहून देते, ‘मला आणि मुलाला काही नको.’ तिने स्वतःचा हक्क सोडावा, पण मुलाचा हक्क सोडून देणे तिच्या हातात नाही. आईने दुसरे लग्न केले तरी जन्मदात्या बापाचे मुलाबद्दलचे देणे संपत नाही. आई कमावती असेल तर मात्र तिनेही वाटा उचलायचा असतो. 2000 सालच्या पद्मजा शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बापाचे दोन भाग आणि आईचा एक भाग, अशी मिळकतीच्या प्रमाणात वाटणी केली. ती वाटणी मला रास्त वाटते.

बापाची मिळकत किती, हा खटल्यातला सगळ्यात चिवट भाग असतो. नोटीस बजावली जाईपर्यंत गृहस्थ चांगल्या पगारावर असतात. मग कैफियतीत लिहिलेले आढळते की नोकरी गेली आहे आणि आईवडिलांवर अवलंबून आहे. 2020 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा प्रकरणात यावर ठोस उपाय केला. हे प्रकरण आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेले होते. दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि दायित्वांचे सविस्तर शपथपत्र द्यायचे, त्यात पगार, बँक खाती, कर्जे, विमा, गाडी हे सगळे मांडायचे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर करायची, असे त्या निकालाने देशभरच्या न्यायालयांना सांगितले. अर्जाच्या तारखेपासून पोटगी मिळणे ही फार मोठी गोष्ट आहे. त्यामुळे तारखा वाढवत नेण्यात बापाचा फायदा राहत नाही. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायकामुलांना पोसले पाहिजे, हे 2022 मध्ये अंजू गर्ग प्रकरणात न्यायालयाने पुन्हा बजावले.

एवढे झाले की हुकूम हातात येतो. आई घरी जाते, पहिल्या महिन्याची वाट पाहते, दुसऱ्याची पाहते. मग सासरचे कोणी मध्यस्थ येतात आणि सांगतात, सणापर्यंत थांब. ती थांबते. हे थांबणे तिला फार महागात पडते, म्हणून इथे मी जरा सविस्तर बोलते.

फौजदारी संहितेच्या मार्गाने थकबाकी वसूल करायची, तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज दाखल करावा लागतो. पूर्वी ही अट कलम 125(3) मध्ये होती, आज ती कलम 144(3) मध्ये आहे. तीन वर्षे सोसून मग कोर्टात आलेल्या बाईला या मार्गाने शेवटच्या बारा महिन्यांचेच पैसे मागता येतात. मुलाच्या हक्कावर अशी मुदत घालणे मला अन्यायाचे वाटते, पण मुदत आहे. अर्ज एकदा वेळेत दाखल झाला की खटला रेंगाळला म्हणून ते महिने बुडत नाहीत, हे 2013 च्या पूनगोडी प्रकरणावरून समजते. पुढचे महिने थकत जातील तसे तेही मागत राहावेत. जिथे दिवाणी न्यायालयाचा किंवा कुटुंब न्यायालयाचा हुकूमनामा आहे, तिथे दरखास्तीला बारा वर्षांची मुदत मिळते.

अर्ज आल्यावर न्यायाधीश दंडाच्या वसुलीप्रमाणे जप्तीचे वॉरंट काढू शकतात. तरीही पैसे आले नाहीत, तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत तुरुंगवास देता येतो. काही बाप मनाशी हिशेब करतात की महिनाभर आत बसले की देणे फिटले. तसे होत नाही. 1989 मध्ये कुलदीप कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तुरुंग हे वसुलीचे साधन आहे, तुरुंगात गेल्याने रक्कम माफ होत नाही. दुसरीकडे, एका अर्जावर एक महिन्याहून जास्त कैद देता येत नाही, असे 1999 च्या शहादा खातून प्रकरणात ठरले. त्यामुळे बाप सुटून आला की नवा अर्ज, नवी नोटीस, नवी तारीख. वॉरंट बजावायला गेलेला पोलीस ‘इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून परत येतो आणि रोजनाम्यात पुढची तारीख पडते. तो इसम त्याच गावात गणपतीच्या मंडळात उभा असतो, हे सगळ्या आळीला ठाऊक असते.

म्हणून माझा भर तुरुंगापेक्षा पगारावर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 60 हे पोटगीच्या कामातले सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरले जाणारे हत्यार आहे. साध्या कर्जासाठी पगार जप्त होतो तेव्हा पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो. ठोकळ हिशेबाने, जप्तीस पात्र पगार 40,000 असेल तर सावकाराला महिना 13,000 पर्यंत मिळू शकतात, आणि मुलासाठी 26,000 च्या वर. कायद्याने मुलाला सावकाराच्या पुढे बसवले आहे, आपण त्याला मागे ठेवतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 20(6) खाली तर न्यायदंडाधिकारी थेट मालकाला, म्हणजे कंपनीला किंवा कार्यालयाला, पगारातला हिस्सा परस्पर बाईच्या खात्यात भरायला सांगू शकतात. अर्जात ही मागणी पहिल्या दिवसापासून लिहा, असे मी तरुण वकिलांना कळकळीने सांगते. मिळकत लपवून पोटगी बुडवणाऱ्याचा बचाव काढून टाकण्याची मागणीही करता येते.

बाप परदेशी असेल तर अडचण वाढते. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली माणसे आखातात किंवा बोटीवर आहेत. 2007 च्या हेगच्या पोटगीविषयक करारात भारत सामील नाही. दिवाणी संहितेच्या कलम 44अ खाली ब्रिटनसारख्या देशांशी हुकूमनाम्यांची देवाणघेवाण चालते, 2020 पासून संयुक्त अरब अमिरातीही त्यात आली आहे, अमेरिका नाही. पण पासपोर्ट भारताचाच असतो. 1967 च्या पासपोर्ट अधिनियमाच्या कलम 10(3) प्रमाणे न्यायालयाने अटकेचे वॉरंट काढले असल्यास पासपोर्ट अधिकाऱ्याला पासपोर्ट अडकवून ठेवता येतो. वॉरंटची प्रमाणित प्रत पासपोर्ट कार्यालयाकडे पाठवण्याचे काम कोणी आपण होऊन करत नाही, ते आपल्यालाच करावे लागते. अमेरिकेत तर 2,500 डॉलरच्या वर मुलाची पोटगी थकली की पासपोर्टच नाकारला जातो, तिथे त्यासाठी वेगळे वॉरंट लागत नाही. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी बापांना हे नीट ठाऊक असते. तिथल्या मुलाची पोटगी ते महिन्याच्या महिन्याला भरतात, इथल्या मुलाची का भरत नाहीत, याचे उत्तर वसुलीच्या यंत्रणेत आहे.

वसुलीचा सगळा भार आईने का वाहावा? सरकारचा कर थकला तर करदात्याच्या मागे अख्खे खाते असते. मुलाची पोटगी थकली तर त्याच्या मागे एक थकलेली बाई असते आणि एक तालुक्याचा वकील. जर्मनीत 1980 पासून असा कायदा आहे की बापाने पैसे दिले नाहीत तर सरकार ठरलेली रक्कम मुलाला आगाऊ देते आणि नंतर बापाकडून वसूल करते. 2017 मध्ये त्यांनी ही सोय अठरा वर्षांपर्यंत वाढवली. आपल्याकडे महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे आणि एक पालक असलेल्या मुलाला तिच्यातून महिना 2,250 रुपये मिळू शकतात. चांगली योजना आहे, पण ती मदत आहे. बापाच्या खिशाशी तिचा काही संबंध नाही. मला हवे आहे ते असे: न्यायालयाने ठरवलेली पोटगी दोन महिने थकली की जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयाने ती मुलाला द्यावी आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी बापाकडून वसूल करावी. महसूल वसूल करायला तलाठी आहे, तहसीलदार आहे, सातबारा आहे. ही यंत्रणा एका लेकरासाठी हलायला काय हरकत आहे?

आणि तोवर धर्मपित्याने, मामाने, मावशीने काय करावे? त्यांच्यावर देणे नाही, पण कायद्याने त्यांना उभे राहायला जागा दिली आहे. अज्ञान मुलाला स्वतः दावा लावता येत नाही, त्याच्या वतीने मोठे माणूस लागते. दिवाणी संहितेच्या आदेश 32 प्रमाणे सज्ञान आणि शहाण्या मनाची कोणतीही व्यक्ती मुलाची वादमित्र होऊ शकते. तिचे हित मुलाच्या हिताविरुद्ध नसावे आणि त्या दाव्यात ती प्रतिवादी नसावी, एवढेच. आई वारलेली असेल, आजारी असेल, बापाच्या धाकाने गप्प असेल, अशा वेळी दाव्याच्या शीर्षकात मुलाच्या नावाखाली ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती, म्हणून लिहिले जाणारे नाव धर्ममातेचे असू शकते. साक्षीदार म्हणूनही तिचे मोल मोठे आहे. मुलाच्या शाळेचा, दवाखान्याचा, शिकवणीचा खर्च तिने डोळ्यांनी पाहिलेला असतो. तिने स्वतः फी भरली असेल तर पावत्या जपून ठेवाव्यात. तिने भरली म्हणून बापाचे देणे फिटत नाही, उलट बापाने भरली नाही याचा तो पुरावा असतो. बापाची नवी नोकरी कुठे लागली, गाडी कोणाच्या नावावर आहे, भाडे कोणत्या खात्यात येते, ही माहिती गावात आधी नातेवाइकांनाच कळते. शपथपत्र खोटे पाडायला तीच उपयोगी पडते.

स्त्रिया आणि मुले यांना 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम 12 प्रमाणे मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे. तिथे जाताना पोटगीच्या हुकमाची प्रमाणित प्रत, मुलाचा जन्मदाखला, ज्या खात्यात पैसे यायला हवे होते त्याचे पासबुक आणि बापाच्या मालकाचा पत्ता एवढे घेऊन जा. आणि शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात आला ते आधी पाहा. त्याला अकरा महिने होत आले असतील, तर मध्यस्थांचे न ऐकता याच आठवड्यात अर्ज द्या.